सोबतीला दिलेल्या शिव्या

धामणीत कुणालाही विचारून बघा, "सोबती कशी आहे हो?" उत्तर ठरलेलं. "लई ब्येस!"

म्हातारा असो की कालची नवी नवरी, अलीकडची धामणी बुद्रुक असो की ओढ्यापलीकडची धामणी खुर्द, उत्तरात तिळाचा फरक नाही. शेकडा अठ्ठ्याण्णव शेतकरी खूश! आणि या अठ्ठ्याण्णवचा सगळ्यात जास्त अभिमान कुणाला असेल, तर तो वैजयंता धुमाळला. का नसावा? 'ओलावा' संस्थेची ती दोन्ही गावांची समन्वयक. खुर्द तिचं माहेर, बुद्रुक सासर. सोबतीला घरोघरी नेऊन ओळख करून दिली ती तिनंच. आता नारळी पौर्णिमा झाली की उपसा योजनेच्या सगळ्या झडपा सोबतीच्या ताब्यात जाणार होत्या. शेतातले हातानं फिरवायचे कॉक काढून टाकायचे, पाणी सोडायचं आणि बंद करायचं ते सोबतीनं. माणसानं नुसतं बघायचं.

सोबती ही बाई नव्हे, हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. धामणीतल्या कुणाला आता ते आठवतही नाही. ते संस्थेचं यंत्र. पुण्यात कुठंतरी बसतं, फोनवर बाईच्या आवाजात बोलतं, आणि शिवारात रोवलेल्या खुंट्यांमधून ऐकतं. या खुंट्यांना गाव 'कान' म्हणतं. झाडाला तहान लागली की ते आवाज करतं, ही गोष्ट शास्त्रज्ञांना कळून आता बराच काळ लोटला. मुळापासून पानापर्यंत पाणी चढतं ते केसाहून बारीक नळ्यांमधून. पाणी कमी पडलं की त्या नळ्यांमधली धार मधेच तुटते, तिथं हवेचा बुडबुडा धरतो आणि टक् असा आवाज होतो. आपल्या कानांना तो ऐकू येत नाही, इतका बारीक. सोबतीला येतो. टकटक वाढली की सोबती फोन करते, "काकी, आल्याला दोन तास पाणी द्या." दोन-तीन तासांनी पुन्हा फोन. "पाणी दिलंत का? सल्ला कसा वाटला?" जे उत्तर येईल त्यावरून ती शिकते आणि पुढचा सल्ला सुधारते. मुलाला आपण शाबासकी देत देत शिकवतो, अगदी तसंच.

श्रावण लागला होता. सातारच्या या भागात तेव्हा आल्याचे गादीवाफे गुडघ्याच्या वर हिरवेगार असतात. वैजयंता दुपारची भाकरी घेऊन खालच्या काळ्या रानात गेली, तर सासूबाई कॉकपाशी उभ्या. एका हातात फोन.

"दिलं गं बाई, दिलं! चांगलं दोन तास दिलं. तुझा सल्ला म्हंजे काय, लई ब्येस!"

आणि दुसऱ्या हातानं सुलोचनाबाई कॉक आणखी घट्ट आवळत होत्या. नळी कोरडी. वाफ्यात पाण्याचा टिपूस नव्हता.

"आत्याबाई!" वैजयंताच्या हातातली भाकरी पडायचीच राहिली. "अहो, तुम्ही सोबतीला खोटं सांगितलंत?"

"खोटं कशाला? बरं वाटंल असं सांगितलं." सासूबाईंनी फोन कनवटीला खोचला. "ही काळी जमीन. आठ दिस पाऊस न्हाई आला तरी हिच्या पोटात वल असती. वरनं अजून पाणी घातलं तर आलं कुजून जाईल न्हवं? तुझ्या सोबतीला कळंना, मला तर कळतंय!"

"मग तसं सांगायचं ना तिला!"

"अगं, ती बिचारी रोज पोटतिडकीनं इचारती. आन् तिच्या मागं ती संस्थेची पोरं. दुष्काळात हितं देवळात झोपली, आपली जनावरं जगवली त्यांनी. आपल्या ताटातलं खाल्लं. त्यांच्या तोंडावर म्हनू, तुमचं यंत्र येडं हाय? मला न्हाई जमणार बाई असला कोडगेपणा."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे म्हंजे? सगळी असंच करत्यात की! तुलाच तेवढं ठाऊक न्हाई."

वैजयंता बांधावर मटकन बसली. तिला आधी राग आला, मग रडू आलं, आणि मग एकदम आठवलं. पौर्णिमेनंतर कॉक नसणार. मग आवळणार काय?

तिनं ईशान सप्रेला फोन लावला. सोबती घडवणाऱ्यांपैकी हा एक. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो पुण्याहून हजर झाला. वैजयंताचं बोलणं ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरत गेला.

"वैजयंताताई, हे फार वाईट आहे. बघा. सोबती म्हणाली पाणी द्या. लोकांनी दिलं नाही, पण दिलं म्हणून सांगितलं. आलं जोमदार आलं ते लोकांच्या अक्कलहुशारीनं. पण सोबती काय शिकली? की मी सांगितलं तेवढं पाणी काळ्या जमिनीला हवंच असतं. वर शाबासकी! म्हणजे पुढच्या वेळी आणखी जास्त सांगणार. तीन हंगाम ती हेच शिकते आहे."

"पण तिला आलं कुजताना ऐकू येईल की!"

"तिथंच तर खरी गोची आहे. जास्त पाण्यानं मुळं गुदमरली की ती पाणी ओढायचं थांबतात. जमीन ओली, पण झाड आतून कोरडं. मग ते झाडही टकटकतं. तिला वाटेल, तहानलंय. ती आणखी पाणी सोडेल."

दोन्ही गावांचं खालचं सगळं रान काळं, आणि त्यात नुसतं आलंच आलं. वर्षभराची मेहनत, बियाणं, सगळं त्या वाफ्यांत पुरलेलं.

"थांबवा मग हे," वैजयंता म्हणाली.

"मी सांगितलं तर थांबवतील. पण मग सोबती कायमचीच बंद होईल. शिकलेलं सगळं खोट्यावर उभं आहे म्हटल्यावर कोण ठेवेल? संस्था इथलं काम आवरेल. सोबतीला एकच गोष्ट वाचवू शकते. कुणी कुठल्या रानात खरंच किती पाणी दिलं, ते खरं खरं कळलं पाहिजे. तेवढं कळलं तर मी तिला चार दिवसांत पुन्हा शिकवून उभी करतो."

"एवढंच ना? चला, विचारू."

विचारलं की! दिवसभर दोघं दारोदार फिरली. माजी सरपंचांनी ईशानला शाल घातली. जाधवांच्या घरी पोहे, मोऱ्यांच्या घरी उप्पीट. 'खरं सांगा' म्हटलं की लोक आणखी अजिजीनं म्हणत, "खरंच सांगतोय सर, सोबती म्हंजे लई ब्येस! तुम्ही देवमाणसं." एक आजी तर ईशानच्या गालावरून हात फिरवून रडलीच, की यंत्र बंद करू नका हो, पोरं यायची थांबतील. संध्याकाळी ईशान परतला तेव्हा त्याच्या हातात एक भोपळा, चार काकड्या आणि पिशवीभर घेवडा होता. खरी माहिती मात्र शून्य.

"तुमच्या गावाला कुणाला वाईट म्हणताच येत नाही का हो?" तो रडकुंडीला येऊन म्हणाला.

वैजयंता हसायला लागली. थांबेचना. ईशान बघतच राहिला.

"येतं की! वर्षातनं एकदा येतं. आणि असं येतं सर, की तुम्ही कानात बोटं घालाल!"

धामणीचा बार बाहेरच्यांना खरा वाटत नाही. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावांच्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर जमतात, पदर खोचतात, आणि हलगीच्या तालावर एकमेकींना शिव्या घालतात. अगदी घसा फुटेस्तोवर. पलीकडच्यांची लफडी, कंजूसपणा, आळस, सगळं चव्हाट्यावर. आणि हलगी थांबली की हसत हसत घरी. कुणी कुणाचा राग धरायचा नाही. वैजयंतानं लग्नाआधी खुर्दच्या काठावरून बुद्रुकला शिव्या दिल्या होत्या, आणि लग्नानंतर पहिल्याच वर्षी बुद्रुकच्या काठावरून खुद्द आपल्या आईला. आई इतकी खूश झाली होती की विचारू नका.

गंमत अशी, की बारात स्वतःचं कुणी सांगत नाही. सांगायचं ते पलीकडच्यांचं. आणि दोन्ही गावांची रानं ओढ्याच्या दोन उतारांवर समोरासमोर. कुणाचा कॉक कधी उघडा आणि कधी बंद, हे समोरच्या काठाला स्वतःच्या रानाइतकं पाठ!

ईशानच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सोबतीलाच बार ऐकायला बसवायचं! सुलोचनाबाईंनी मात्र साफ नकार दिला. बुद्रुकच्या बाराची पुढारी त्या. त्यांच्या शब्दाशिवाय काही हलायचं नाही.

"बारातलं घरी न्यायचं नसतं. तुझं यंत्र घरी नेईल. पुण्याला नेईल! माझ्या काठावर मी ते ठेवू देणार न्हाई."

"आत्याबाई, पौर्णिमेनंतर कॉक नाही राहणार."

"म्हाईत हाय मला!" सासूबाई कडाडल्या. मग आवाज खाली आला. "रातभर झोप न्हाई लागत बघ त्यानं. पण बोलायचं कुणाला? चांगल्या माणसांना नाराज कसं करायचं?"

पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत वैजयंताला भीती दिसली. तिनं सासूचा हात धरला. "त्यांना नाराज केलं नाही, तर आलं जाईल. आणि आलं गेलं की ती माणसंही जातील, आयुष्यभर मनाला लावून घेतील. तुमच्या गोड बोलण्यानंच हे होणार आहे."

ही शेवटची गोष्ट सासूबाईंच्या जिव्हारी लागली. त्यांनी निवडायला घेतलेले तांदूळ बाजूला सारले. मग ईशानला म्हणाल्या, "लेकरा, नावं आन् आवाज ठेवायचं न्हाईत. पाण्याचं तेवढं न्यायचं. बाकी सगळं वड्यात सोडायचं. कबूल?"

"कबूल, आजी. रान आणि पाणी, एवढंच ठेवेन. बाकी तिथल्या तिथं पुसलं जाईल."

"आन् ते यंत्र माझ्या काठावर नगं, त्यांच्याबी नगं. वड्यात मधोमध ठिवा. दोन्हीकडनं खाऊ दे!"

वैजयंतानं मग दोन्ही गावांत स्वतः जाऊन सगळं उघड सांगितलं. फसवाफसवी नको होती. खुर्दच्या बायका तिच्या भावजयीच्या, लताच्या, अंगणात जमल्या. सगळं ऐकून लता म्हणाली, "म्हंजे वन्सं, बुद्रुकवाल्यांची चोरी आम्ही सांगायची, आन् त्यानं त्यांचंच भलं व्हायचं?"

"आणि तुमची चोरी ते सांगणार."

"सांगू दे की! बघूच कोण जास्त सांगतं!"

बाराच्या दिवशी आभाळ भरलं होतं, पण पाऊस नव्हता. ओढ्यातल्या मोठ्या खडकावर तीन पायांचं तिकाटणं उभं केलं, त्यावर सोबतीचे चार कान आणि एक भोंगा. संस्थेच्या प्रमुख शकुंतलाताई नगरकर मुद्दाम आल्या होत्या. सत्तरीच्या, शिडशिडीत, दुष्काळात याच गावाच्या देवळात झोपलेल्या. त्यांना वाटत होतं, कसलातरी सांस्कृतिक कार्यक्रम असावा. वैजयंतानं त्यांना काही सांगितलं नव्हतं, धीरच झाला नव्हता.

हलगी कडाडली. लता पुढं झाली, हात नाचवत ओरडली, "अगं ए बुद्रुकच्या सटव्यांनो! सोबती म्हनती पाणी द्या, तुम्ही म्हनता दिलं, आन् सुलीच्या खालच्या रानात नळीवर कोळ्यानं जाळं इणलंय! हंगामभर कॉक उघडला न्हाई भवानीनं!"

"तुझ्या दिराला इचार की गं!" सुलोचनाबाईंनी पदर खोचला. "वड्याकडच्या तुकड्याला पाणी बंद, आन् फोनवर म्हनतो पोटभर पाजलं! जेवायला बसल्यावर तरी खरं बोलतो का गं त्यो?"

"जाधवीण बघा जाधवीण! सोबतीनं वरच्या मुरमाला पाणी नगं म्हनलं, तर चोरून चोरून रोज पहाटं सोडती!"

"मग? वाळवू? तुमच्यावाणी?" जाधवीण बुद्रुकच्या काठावरून उसळली. "तुमच्या मोऱ्यानं सोबतीचं ऐकलं आन् वरलं आलं करपून बसला, तरी म्हनतो लई ब्येस! त्याला बायको मेली तरी लई ब्येसच म्हनंल!"

मोऱ्यांची बायको खुर्दच्या काठावर जिवंत उभी होती. तीच सगळ्यात मोठ्यानं हसली.

मग काय, बांध फुटला! तीन हंगामांचं साठलेलं एकदम बाहेर आलं. एकेक रान, एकेक कॉक, एकेक थाप. खडकावर सोबतीचा हिरवा दिवा लुकलुकत होता. आणि मग कुणाला तरी सुचलं, की पलीकडच्यांना कशाला, मधलीलाच घ्या. दोन्ही काठ एका दमात सोबतीवर तुटून पडले.

"अगं ए पुण्याच्या फटाकडे! काळी जमीन कशाला म्हनत्यात ठाऊक हाय का तुला?"

"जेवताना फोन करती मेली! सल्ला कसा वाटला! तुझा सल्ला घाल चुलीत!"

वैजयंतानं भीत भीत शकुंतलाताईंकडं पाहिलं. ताईंचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"हे खरं आहे, वैजयंता? इतकी वर्षं?"

"खरं आहे ताई. तुमच्यावर जीव आहे, म्हणून तोंडावर बोलवत नव्हतं कुणाला."

ताईंनी चष्मा पुसला, आणि चक्क साडीचा पदर कमरेला खोचून पाण्यात उतरल्या. खडकाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि दोन्ही काठांना हात करून ओरडल्या, "मलाही घाला गं! यंत्र एकटं नाही आणलं, मीच आणलंय!"

क्षणभर हलगीसुद्धा थांबली. मग सुलोचनाबाईंनी दोन्ही हात वर करून अशी काही सणसणीत शिवी हासडली, की ती इथं लिहिता येणार नाही. ताई पोट धरधरून हसल्या. दोन्ही काठांवर असा जल्लोष उसळला की पलीकडच्या टेकाडावरची गुरं उधळली.

ईशाननं शब्द पाळला. नावं पुसली, आवाज पुसले, रान आणि पाणी तेवढं ठेवलं. रात्रंदिवस खपून त्यानं सोबतीला पहिल्यापासून शिकवलं. काळी जमीन, मुरूम, तहानेची टकटक आणि गुदमरल्याची टकटक. नीट ऐकलं तर दोन्हींत फरक होता! तहान लागली की आवाज दुपारी चढतो आणि पहाटे थांबतो. गुदमरलेलं झाड पहाटेसुद्धा टकटकत राहतं. इतके दिवस खोट्या उत्तरांखाली हा फरक दबून गेला होता. आणखी एक गोष्ट त्यानं केली. सोबतीनं शाबासकीवर शिकायचं नाही, झाडाच्या आवाजावर शिकायचं, असं ठरवलं. आणि शकुंतलाताईंनी स्वतः येऊन सांगितलं, की कॉक निघणार नाहीत. शेतकरी 'सोड' म्हणेल तरच झडप उघडेल.

पौर्णिमा झाली. पावसानं दडीच मारली होती. झडपा सुरू करायच्या सकाळी निम्मं गाव धुमाळांच्या वरच्या पट्टीवर जमलं. खालच्या काळ्या रानाला सोबतीनं थेंबभरही पाणी मागितलं नव्हतं, तिथंच लोकांचा अर्धा जीव भांड्यात पडला होता. पण या मुरमाड पट्टीतलं आलं मान टाकून उभं होतं.

फोन वाजला. "सुलोचनाकाकी, वरच्या पट्टीला दीड तास पाणी हवं."

"नगं," सुलोचनाबाई तडकन म्हणाल्या. "पानं बघ, पिवळी पडत्यात. ही कूज हाय. आमी उगा न्हाई केस पिकवलं. पाणी घातलं की मरंल."

वैजयंतानं ईशानकडं पाहिलं. पूर्वीची सोबती असती, तर लगेच म्हणाली असती, तुम्ही म्हणाल तसं.

"काकी, मला नाही पटत," सोबती म्हणाली. "पहाटे इथं एकही आवाज नव्हता. दुपारी कल्लोळ असतो. ही कूज नाही, तहान आहे. तुम्ही चुकताय."

गावात कुजबुज उठली. सुलोचना धुमाळला 'चुकताय' म्हणणारं आजवर कुणी जन्मलं नव्हतं. बाईंचा चेहरा लाल झाला. त्यांनी सुनेकडं पाहिलं, ईशानकडं पाहिलं, शकुंतलाताईंकडं पाहिलं. कुणी मदतीला आलं नाही. मग तरातरा वाफ्यात शिरल्या, पाल्याचं आच्छादन बाजूला सारलं आणि खुरप्यानं एक गड्डा उकरून काढला. नखानं खरवडला. आत पिवळाधमक, टणक, घमघमीत. कुजल्याचा मागमूस नाही. हातातली माती मात्र पिठासारखी बोटांतून खाली गळाली.

वैजयंता जवळ गेली. "आत्याबाई?"

सासूबाईंनी मान वर केली, आणि वैजयंताला दिसलं की त्या हसताहेत. तोंडभर, अगदी लहान पोरीसारख्या.

"अगं, हिला आता तोंड फुटलं!" त्या ओरडल्या. "चांगली भांडती की माझ्याशी! ये गं सटवे, आता झाली तू घरातली!" आणि फोन तोंडाजवळ धरून, ओढ्यापलीकडच्या खुर्दलासुद्धा ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "सोड पाणी!"

झडपेनं खाट् आवाज केला. नळ्या फुगल्या, आणि वरच्या पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आल्याच्या प्रत्येक बुडाशी पाणी पोचलं. पलीकडच्या उतारावरून लताचा आवाज आला, मग मोऱ्यांचा, मग आणखी कुणाकुणाचा. कुणी 'सोड' म्हणत होतं, कुणी 'आज नगं' म्हणून सोबतीशी कचाकचा भांडत होतं.